टोळीसाठी मुलांचा वापर (फौजदारी कायदा)

अठरा वर्षांखालील मुलाला गुन्हेगारी कामाला जुंपणाऱ्या प्रौढांना शिक्षा देणाऱ्या तरतुदी. सरकारने घोषित केलेल्या सशस्त्र गटांचा अपवाद सोडला, तर ‘टोळीत भरती’ हा भारतात स्वतंत्र गुन्हा नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या दंड संहितेत (कलम १८६.२६) टोळीत येण्यासाठी फूस लावणे किंवा धमकावणे हाच गुन्हा ठरतो आणि समोरची व्यक्ती अल्पवयीन असेल तर ३ वर्षांची जादा शिक्षा होते. आपल्याकडे मात्र मुलाला कोणी, कोणत्या कामाला लावले हे सिद्ध करावे लागते. तपास बहुधा तिथेच अडतो.

मुख्य कलमे. भारतीय न्याय संहितेचे कलम ९५ (१ जुलै २०२४ पासून लागू) गुन्हा करण्यासाठी मुलाला नेमणाऱ्याला ३ ते १० वर्षे कारावास व दंड सांगते. गुन्हा प्रत्यक्षात घडला, तर तो स्वतः केल्याप्रमाणे त्याचीही शिक्षा होते. मूल राजीखुशीने आले किंवा त्याला पैसे मिळाले, या बचावाला इथे जागा नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ चे कलम ८३(२) मुलांचा बेकायदा कामासाठी वापर करणाऱ्या प्रौढाला किंवा टोळीला ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि ५ लाख रुपये दंड ठरवते. दारू वा अमली पदार्थ विकायला, वाहायला मूल वापरल्यास कलम ७८ लागते: ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास, १ लाखापर्यंत दंड.

दखलपात्रतेचा गुंता. २०२१ च्या दुरुस्तीने (१ सप्टेंबर २०२२ पासून) बाल न्याय अधिनियमातील ३ ते ७ वर्षे शिक्षेचे गुन्हे अदखलपात्र, पण अजामीनपात्र झाले. मुलांच्या संरक्षणाच्या कायद्यात असा बदल का करावा, हे कोडेच आहे. परिणामी फक्त कलम ७८ किंवा ८३ लावले, तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे जोडीला दखलपात्र कलम घेणे. एकाच प्रकरणात एक जरी दखलपात्र गुन्हा असला, तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कार्यपद्धतीच्या कायद्याच्या) कलम १७४ नुसार सगळे प्रकरण दखलपात्र धरले जाते. चोरी, खंडणी, मारहाणीत कलम ९५ जोडावे. सिंधुदुर्गातील बांदा–इन्सुलीमार्गे येणाऱ्या गोव्याच्या दारूत महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आणि चरस–गांजात अमली पदार्थ अधिनियम, १९८५ उपयोगी पडतो. या दुसऱ्या कायद्यात मुलांचा वापर हे किमानाहून जास्त शिक्षा देण्याचे एक कारणही आहे (कलम ३२-ब).

वजन आणि वय. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली होती. पाकीट दिसल्याबरोबर पोलिसांना कळवणारे मूल आरोपी होत नाही; ते उचलून दुसऱ्याकडे पोचवले की चित्र पालटते. चरसचे व्यापारी प्रमाण (सर्वांत कडक शिक्षा लागू होते ते वजन) १ किलो. त्याला किमान १० वर्षे शिक्षा असल्याने गुन्हा ‘अतिगंभीर’ ठरतो आणि १६ ते १८ वयाच्या मुलाची बाल न्याय मंडळापुढे प्राथमिक चाचपणी होते. पुढे प्रौढासारखा खटलाही चालू शकतो. म्हणून पंचनाम्यात निव्वळ वजन व पुडक्यासकट वजन वेगवेगळे लिहिणे मुलाच्या दृष्टीने कळीचे असते.

वय गुन्ह्याच्या दिवशीचे धरतात. आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी, तीही आदेशापासून १५ दिवसांत. आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांतील मुलांचे कागद गावी राहिलेले असतात. ते मागवण्याआधीच तपासणीला धाडले, तर एक–दोन वर्षांच्या फरकाने सतरा वर्षांचा मुलगा प्रौढ ठरण्याचा धोका असतो.

धमकीचा बचाव. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२ धमकीखाली केलेल्या कृत्याला माफी देते, पण धमकी तत्काळ मृत्यूची हवी. खून आणि देहदंडाचे राज्यविरोधी गुन्हे त्यातून वगळले आहेत. मार बसेल या भीतीने दरोडेखोरांत सामील झालेल्याला हा बचाव मिळत नाही, असे स्पष्टीकरणातच म्हटले आहे. दादाने दम दिला म्हणून खाडीवर वाळूच्या होड्यांसाठी टेहळणी करणाऱ्या पोराला त्याचा फारसा उपयोग नाही. त्याची हकीकत कलम ९५ चा पुरावा म्हणूनच जास्त कामाची.

पोलीस ठाण्यात. मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत मंडळापुढे न्यावे लागते. गुन्हा अतिगंभीर नसेल आणि साथीला प्रौढ नसेल, तर मुलाविरुद्ध प्रथम खबर (एफआयआर) न नोंदवता ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करतात. प्रौढ सोबत असल्यास प्रथम खबर नोंदवावी लागते. मग मुलाला पाठवणाऱ्याचे नाव, फोनवरील संदेश, पैसे आलेले खाते आणि गाडीचा मालक त्याच दिवशी नोंदवावा. नाहीतर पुढे हाती फक्त पोरगे उरते. टोळीत ओढले जाण्याच्या बेतात असलेल्या मुलाला बाल कल्याण समितीपुढे नेता येते, मदतीसाठी १०९८.

मुलाची ओळख छापल्यास बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होतात. नाव गाळून वाडी आणि शाळा छापली, तरी ओळख उघड होतेच.