हलकी रायफल आणि तिचा धक्का : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

हलकी शिकारी रायफल नेणारे ग्राहक थोड्याच दिवसांत परत येतात, आणि बहुतेकांचे म्हणणे एकच असते: "घेऊन चालायला झकास आहे, पण खांदा सुजवते." पाठोपाठ मागणी येते मझल ब्रेकची, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवून धक्का कमी करणाऱ्या भागाची. ब्रेक आम्ही बसवून देतो. पण आमच्या मते तो शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधी करण्यासारखे बरेच काही आहे.

धक्का येतो कुठून

गोळी आणि जळत्या दारूचा वायू जेवढ्या संवेगाने पुढे जातात, तेवढ्याच संवेगाने रायफल मागे येते. तो संवेग काडतूस ठरवते. रायफल किती जोरात मागे येणार, ते मात्र तिच्या वजनावर अवलंबून असते. .३०-०६ चे नेहमीचे काडतूस घ्या: ११.७ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला सुमारे ८२० मीटर, आत साधारण ३.६ ग्रॅम दारू. दुर्बिणीसह ४ किलो भरणाऱ्या रायफलीत धक्क्याची ऊर्जा अंदाजे २७ ज्यूल येते. तेच काडतूस २.७ किलोच्या रायफलीत घातले की ४० ज्यूल, म्हणजे जवळजवळ दीडपट. शिवाय रायफल मागे येण्याचा वेगही सेकंदाला ३.७ मीटरवरून ५.५ मीटरवर जातो. जड रायफल खांद्याला ढकलते आणि हलकी फटका मारते, ते या वेगामुळे.

दस्ता अंगाला बसतो का, ते आधी पाहा

दस्ता म्हणजे रायफलीचा खांद्याला टेकवायचा भाग. त्याच्या टोकाचे रबरी पॅड अंगठ्याने जोरात दाबून पाहा. दबत नसेल तर ते नावापुरतेच आहे. जुने रबर वर्षानुवर्षांत कडक होते, आणि काही हलक्या रायफलींना वजन वाचवायचे म्हणून मुळातच पातळ पॅड दिलेले असते. चांगले मऊ पॅड ऊर्जा कमी करत नाही. तोच धक्का ते थोड्या जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरवते, आणि खांद्याला तेवढ्यानेही मोठा फरक पडतो. मोज्यासारखे वरून चढवायचे पॅड तात्पुरते चालेल, पण त्याने दस्त्याची लांबी दोनेक सेंटिमीटरने वाढते, हे ध्यानात ठेवा.

लांबीचा प्रश्न पुष्कळांना किरकोळ वाटतो. तो तसा नाही. दस्ता लांब असला की त्याचे टोक खांद्याच्या खोबणीतून निसटून दंडावर जाते, आणि तिथला मार दोन दिवस निळा दिसतो. आखूड असला की अंगठ्याचे पेर नाकावर आपटते आणि दुर्बिणीची कड भुवईवर चंद्रकोर उमटवते. ही चंद्रकोर घेऊन आलेले ग्राहक आम्हाला दारातूनच ओळखू येतात. दुर्बिणीपासून डोळ्याचे अंतर निदान ९ सेंटिमीटर राहील अशी दुर्बीण निवडा. पालथे पडून किंवा चढाच्या दिशेने नेम धरताना डोके आपोआप पुढे सरकते, तेव्हा त्याच स्थितीत अंतर तपासा. मापही जाड जाकीट घालूनच घ्यावे, कारण थंडीतल्या कपड्यांनी दस्ता लांब झाल्यासारखाच होतो.

अंग चोरण्याची सवय

खांद्याच्या दुखण्यापेक्षा ही सवय जास्त नुकसान करते. ट्रिगर दाबण्याच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे रेटला जातो, नळीचे तोंड खाली जाते आणि गोळी भलतीकडेच. दोष मात्र दुर्बिणीला दिला जातो.

खातरजमा सोपी आहे. रेंजवर जोडीदाराला रायफल भरून द्यायला सांगा, कधी खरे काडतूस, कधी डमी, म्हणजे दारू नसलेले नकली. आत काय आहे ते तुम्हाला कळता कामा नये. डमीवर ट्रिगर दाबताच नळीचे तोंड खाली बुचकळले, तर निदान झाले. मग घरी नीट तपासलेल्या रिकाम्या रायफलीवर ट्रिगरचा सराव करा, रेंजवर मुख्यतः कमी धक्क्याची छोटी .२२ रायफल चालवा, आणि मोठ्या रायफलीची मोजकीच काडतुसे उडवा. खांदा कुरकुरू लागला की त्या दिवसापुरते थांबा.

या दचकण्यात धक्क्याइतकाच आवाजाचाही हात असतो. शिकारी रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि अशा क्षणिक आवाजाला १४० च्या पुढे कानाला धोका मानतात. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही लावा. पुष्कळांना त्यानेच रायफल "सौम्य झाल्यासारखी" वाटते.

टेबलावर बसून नेम लावताना

टेबलावर ओणवे झालो की अंग मागे जायला जागा राहत नाही आणि सगळा मार खांदा खातो. टेकू उंच घ्या, पाठ ताठ ठेवा, दस्ता आणि खांदा यांच्यामध्ये वाळूची छोटी पिशवी धरा. हलक्या रायफलीचा पुढचा भाग नुसता पिशवीवर सोडू नका, हाताने धरा. वजने लादलेल्या लोखंडी स्टँडबद्दल मात्र सावध करतो. रायफलीला मागे सरकूच दिले नाही, तर तो जोर लाकडावर आणि दुर्बिणीच्या पकडींवर जातो. हाताच्या पकडीच्या बारीक भागाजवळ चिरलेले दस्ते आमच्याकडे दुरुस्तीला येतात ते असेच.

काडतूस बदलणे

त्याच २.७ किलोच्या .३०-०६ मध्ये ९.७ ग्रॅमची गोळी वापरली की ऊर्जा ३५ ज्यूलच्या आसपास उतरते. कारखान्यातून येणारी कमी धक्क्याची काडतुसे त्याहून सौम्य असतात. नवी रायफल घ्यायची असेल, तर याच वजनात ६.५ क्रीडमूर हे काडतूस सुमारे २४ ज्यूलवर भागते. मात्र तुमच्या भागातला कायदा त्या शिकारीसाठी कोणते काडतूस चालवू देतो, ते आधी पाहा. काडतूस बदलले की नेम पुन्हा लावावाच लागतो. स्वतः काडतुसे भरणाऱ्यांनी दारू मनाने कमी करू नये. काही संथ जळणाऱ्या दारूंचा दाब कमी मापातही धोकादायक चढू शकतो. छापील तक्त्याबाहेर जाऊ नका.

आणि आता ब्रेक

त्याच २.७ किलोच्या रायफलीच्या दस्त्यात ३०० ग्रॅम वजन भरले, तरी ४० चे ३६ ज्यूल होतात. ब्रेक वायू बाजूला वळवून धक्का एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत खाली आणू शकतो. पण तोच वायू आवाज तुमच्या आणि शेजारच्याच्या कानाकडे फेकतो, आणि पालथे पडला असाल तर धूळ तोंडावर. काहींना हा इलाज दुखण्याहून जड जातो. सायलेन्सरने धक्का आणि आवाज दोन्ही कमी होतात, मात्र नळी लांब आणि तोंडाकडे जड होते, आणि परवानगीचा प्रश्न उभा राहतो. दोन्हींसाठी नळीवर आटे पाडावे लागतात. फार बारीक नळीत तेवढा धातू शिल्लक नसतो. तसे असेल तर आम्ही काम घेत नाही.

हलक्या रायफलीचे स्क्रूही लवकर सैल होतात. दुर्बिणीच्या पकडी आणि दस्त्याचे स्क्रू पहिल्या वीसेक काडतुसांनंतर तपासून घ्या. मॅगझिनमध्ये पुनःपुन्हा धक्के खाल्लेल्या गोळ्यांची मऊ टोके चेपली आहेत का, तेही पाहा. खांद्याची किंवा डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल, तर आमच्याआधी डॉक्टरांना विचारा.

आमच्याकडे येताना रायफल रिकामी, बोल्ट (नळी मागून बंद करणारा सरकता भाग) काढलेला, परवाना सोबत. काडतुसे बरोबर आणू नका, खोक्यावरच्या माहितीचा फोटो पुरतो. आणि शिकारीला घालता तेच जाकीट अंगात असू द्या, उन्हाळा असला तरी.