मेकागॉडझिला आणि त्याची भावंडं : रंगीत मूर्ती घेताना, जपताना, विकताना

आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या मूर्तींत जपानी चित्रपटांतली यांत्रिक श्वापदं सर्वांत जास्त असतात. १९५७चा मोगेरा, १९६७चा मेकॅनी-काँग, १९९१चा मेका-किंग घिडोरा आणि या सगळ्यांत लाडका मेकागॉडझिला, म्हणजे गॉडझिला या राक्षसाचं यांत्रिक रूप. हे पत्रक मुख्यतः त्याच्याबद्दल आहे, पण यातलं बहुतेक सगळं इतर मूर्तींनाही लागू पडतं.

आधी ओळख पटवा

विक्रेता नुसतं ‘मेकागॉडझिला’ लिहीत असेल, तर पैसे पाठवण्याआधी कोणता ते विचारा. अकिहिको इगुची यांच्या आराखड्यावरून घडलेला १९७४चा मेकागॉडझिला कोनदार पत्र्यांचा, रिबिटांचा आणि दिसायला जड. त्याच्या हातावर ‘एमजी’ अशी रोमन अक्षरं आहेत. १९७५मध्ये तो परत आला तेव्हा तिथे ‘एमजी २’ झालं. १९९३चा गोलाईदार, गुळगुळीत, लखलखीत रुपेरी. २००२चा किर्यू या नावाने ओळखला जातो. तो या दोघांपेक्षा सडसडीत आणि चपळ दिसतो. या चौघांना मागणी वेगवेगळी आणि भावही वेगळे.

कोणी बनवली, कधी बनवली

व्हायनिल या मऊ प्लास्टिकच्या पोकळ मूर्तींना संग्राहक सोफुबी म्हणतात. जपानी राक्षसांच्या सोफुबींची लाट मारुसान कंपनीने १९६६मध्ये आणली. ती कंपनी बुडाल्यावर तिच्याच माणसांनी बुलमार्क ही कंपनी काढली. तीही १९७७मध्ये बंद पडली. बुलमार्कच्या मूर्ती चित्रपटाशी काटेकोर जुळत नाहीत. रंग भडक, चेहरा खेळण्यासारखा. नवीन संग्राहकांना त्या ‘चुकीच्या’ वाटतात, पण जाणकार त्यांच्याच मागे असतात. १९८३पासून बँडाई या खेळणी कंपनीची मालिका सुरू झाली. तिच्यातल्या मूर्ती भरपूर निघाल्या, त्यामुळे सुरुवात करायला त्या उत्तम. ओसाकाच्या एक्स-प्लस कंपनीच्या मूर्ती मोठ्या, चित्रपटातल्या पोशाखाशी बारकाईने जुळणाऱ्या, आणि अर्थातच महाग.

तळपायावरचा ठसा वाचा, पण त्याच्यावर विसंबू नका. तिथलं वर्ष बहुधा पात्राच्या किंवा साच्याच्या हक्काचं असतं. तोच साचा पुढे कितीतरी वर्षं वापरला जातो आणि ठसा तसाच राहतो. बँडाईच्या मूर्तीला दोऱ्याने बांधलेलं पुठ्ठ्याचं लेबल मिळालं तर ते कधीही काढू नका. मूर्ती एकदा विकत घेतली की लेबल फेकून द्यायची सवय सगळीकडचीच, म्हणून लेबलासकटची मूर्ती वेगळा भाव खाते.

आम्ही काय पाहतो

सर्वांत जास्त वेळ आम्ही रंगावर घालवतो. सोफुबीवर रंग फवाऱ्याने मारला जातो, आणि जिथे तो नको तो भाग साचेवजा मुखवट्याने झाकलेला असतो. त्यामुळे मूळ रंगाच्या कडेला अगदी बारीक धुकं दिसतं: डोळ्याच्या पिवळ्यापासून रुपेरीकडे जाताना किंवा छातीच्या पट्ट्यावर. हाताने पुन्हा रंगवलेल्या जागी ही कड ब्रशची असते, थोडी उंच, थोडी थरथरती. दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली हा फरक शिकाऊ माणसालाही कळतो. नंतर अंधारात अतिनील टॉर्च मारून पाहतो. नवा रंग पुष्कळदा जुन्यापेक्षा वेगळा उजळतो.

घासलेल्या जागा ठरलेल्या असतात: नाकाचं टोक, गुडघे, शेपटीची खालची बाजू, बोटांची टोकं. मूर्ती जुनी आहे आणि नेमक्या याच जागा कोऱ्या करकरीत आहेत, तर आम्हाला शंका येते. उलट शेपटीखाली रुपेरी रंग उडून आतलं व्हायनिल दिसत असेल आणि बाकीचा रंग शाबूत असेल, तर ती प्रामाणिक मूर्ती. तिची किंमत थोडी कमी होते, पण विश्वास वाढतो.

म्हणून आमची एकच कळकळीची विनंती आहे. घासलेली मूर्ती नव्याने रंगवू नका. तांब्या-पितळेच्या भांड्याला कल्हई शोभते, या मूर्तींना नाही. उडालेला रंग हे वय झालं. वर चढवलेला रंग म्हणजे मूळ पुरावा पुसला गेला, आणि तो पुन्हा मिळत नाही.

रेझिनच्या, म्हणजे ओतून घट्ट केलेल्या कडक प्लास्टिकच्या, भरीव मूर्तींची गोष्ट वेगळी. तिथे भीती नकलेची. मूळ मूर्तीवरून साचा काढून ओतलेली नक्कल किंचित आखूड भरते, रिबिटांच्या कडा बोथट होतात आणि कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे राहतात. कंपनीने दिलेली उंची पट्टीने मोजून पाहा.

घरी जपताना

मुंबई-कोकणातला पावसाळा मूर्तीपेक्षा खोक्याला जास्त छळतो. पुठ्ठ्याला बुरशी लागली की जात नाही. कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळेवर बदला.

व्हायनिल मऊ राहावं म्हणून त्यात मिसळलेलं द्रव्य वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर येतं आणि पृष्ठभाग चिकट होतो. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने हलक्या हाताने पुसा. स्पिरिट किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव अजिबात नको. रुपेरी रंग कापसावर उतरेल. मूर्ती दुसऱ्या प्लास्टिकला टेकवून ठेवू नका, तेच द्रव्य त्यालाही खातं. ऊन लागू देऊ नका. सांधा अडला तर पिरगळू नका. केस वाळवायच्या यंत्राची कोमट हवा लांबून द्या, तो आपोआप सैल होतो.

मूल्यांकन कसं मिळेल

आम्ही भाव ठरवतो तो प्रत्यक्ष झालेल्या विक्रीवरून, विक्रेत्यांनी मागितलेल्या किमतींवरून नाही. लेखी अहवालात दोन आकडे असतात: आज विकली तर काय मिळेल, आणि हरवली तर तशीच मूर्ती पुन्हा घ्यायला किती लागेल. विम्यासाठी दुसरा आकडा वापरा. जपानहून मागवण्याचा टपालखर्च आणि सीमाशुल्क यांत धरलेलं नसतं. ज्या मूर्तीचं मूल्य आम्ही सांगतो ती आम्ही स्वतः विकत घेत नाही, ग्राहकाने आग्रह केला तरीही.

मूर्ती आणण्याआधी फोटो पाठवा: समोरून, पाठीमागून, दोन्ही तळपाय, डोळे जवळून आणि शेपटीची खालची बाजू. फोटो दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढा, फ्लॅश बंद ठेवून. रुपेरी रंगावर फ्लॅश पडला की घासलेलं काहीच दिसत नाही. आणि पाठवण्याआधी मूर्ती स्वच्छ करू नका, धूळ असली तरी चालेल.