सिम्युलेशन गृहीतक

आपण ज्या विश्वात राहतो ते मूळचे नसून एखाद्या अतिप्रगत संस्कृतीच्या संगणकावर चालवलेले अनुकरण असावे, ही शक्यता मांडणारा तत्त्वज्ञानातील विचार. एखाद्या व्यवस्थेचे नियम आणि तिची सुरुवातीची स्थिती संगणकाला देऊन ती पुढे कशी बदलत जाईल हे टप्प्याटप्प्याने मोजत जाणे, म्हणजे सिम्युलेशन. हवामानाचा अंदाज, पुलावरचा भार, आकाशगंगांची जडणघडण या सगळ्यांसाठी ही पद्धत आज सर्रास वापरली जाते. गृहीतकाची झेप याच्या पुढची आहे: मोजल्या जाणाऱ्या व्यवस्थेत जाणीव असलेली माणसेही असू शकतील, आणि ती माणसे आपणच असू.

दिसणारे जग खरे आहे का, ही शंका संगणकाहून फार जुनी आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त यांनी १६४१ मध्ये सगळ्या इंद्रियांना फसवणाऱ्या कपटी दैत्याची कल्पना केली. अमेरिकन तत्त्वज्ञ हिलरी पटनम यांनी १९८१ मध्ये त्या दैत्याच्या जागी तारांनी संगणकाला जोडलेला, बरणीत ठेवलेला मेंदू आणला. विश्व हीच एक गणनप्रक्रिया आहे, हा वेगळा धागा जर्मन अभियंता कॉनराड त्सुझ यांनी १९६९ मध्ये मांडला. मात्र या दोन धाग्यांना एकत्र बांधून त्यांतून मोजदादीचा युक्तिवाद उभा केला तो निक बॉस्ट्रम या मूळच्या स्वीडिश तत्त्वज्ञाने, ऑक्सफर्ड विद्यापीठात असताना, २००३ मध्ये.

सिम्युलेशन म्हणजे नेमके काय हे नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदाराला वेगळे समजावून सांगावे लागत नाही, कारण ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत त्याचे अर्धे लक्ष मोबाइलवरच्या हवामान अंदाजाकडे असते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्यूष हा महासंगणक आला, तेव्हा जागतिक प्रारूपाची, म्हणजे पृथ्वीच्या हवामानाच्या गणिती नमुन्याची, जाळी १२ किलोमीटरची झाली. २०२५ मध्ये ती ६ किलोमीटरवर आली. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एका चौकटीत ३६ चौरस किलोमीटर जमीन, आणि त्या सगळ्या शिवाराला तापमानाचा, वाऱ्याचा, ओलाव्याचा एकेकच आकडा. प्रत्यक्षात मात्र निफाड किंवा दिंडोरीकडे गारपीट होते तेव्हा बांधाच्या अलीकडची बाग झोडपून निघते, मणी तडकतात, घड मातीत जातात, आणि पलीकडच्या बागेत पानही फाटलेले नसते. प्रारूपात ना बांध असतो ना बाग. जाळी बारीक करत नेली तर हा फरक कमी होतो, पण जाळी अर्धी केली की गणना दुपटीने नव्हे, कित्येक पटींनी वाढते.

ती बारीक करत करत रेणूपर्यंत नेली तर काय होईल? गोदावरीतून भरून घेतलेल्या एक लिटरच्या तांब्यात पाण्याचे रेणू सुमारे ३३ वर २४ शून्ये इतके असतात. अमेरिकेतील फ्रंटियर हा महासंगणक २०२२ मध्ये सेकंदाला १ वर १८ शून्ये इतक्या आकडेमोडी करू लागला. त्याने दुसरे काहीही न करता त्या एका तांब्यातील प्रत्येक रेणूची फक्त एकदा नोंद घ्यायची म्हटली, तरी सुमारे वर्ष जाईल. रेणूंची एकमेकांवरची ओढ, त्यांचे आदळणे, त्यातली क्वांटम गुंतागुंत हे सगळे निराळेच. क्वांटम, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या, पातळीवर तर हिशेबच हाताबाहेर जातो. प्रत्येकी दोनच स्थिती असलेल्या ३०० कणांची संपूर्ण स्थिती, म्हणजे त्या स्थितींच्या प्रत्येक शक्य जुळणीसाठी एक आकडा, साध्या संगणकात लिहून ठेवायची तर १ वर ९० शून्यांहून अधिक आकडे लागतात, आणि दृश्य विश्वातील सगळे अणू मिळून साधारण १ वर ८० शून्ये इतकेच भरतात. आपल्यासारख्याच विश्वातला संगणक आपले सगळे विश्व कणाकणाने चालवू शकणार नाही, एवढे यावरून म्हणता येते.

बॉस्ट्रम यांनी ही अडचण ओळखून वाट बदलली. त्यांच्या मते विश्व मोजायची गरजच नाही, माणसांची मने मोजली आणि त्या मनांना जेवढे जाणवेल तेवढेच भोवताल पुरवले की काम भागते. तांब्यातले पाणी कोणी सूक्ष्मदर्शकाखाली धरेपर्यंत नुसते पाण्यासारखे वागले तरी पुरे. मानवी मेंदूचे काम त्यांनी सेकंदाला १ वर १४ ते १७ शून्ये आकडेमोडी इतके धरले, आणि त्यावरून मानवजातीच्या सगळ्या मनांचा सगळा इतिहास १ वर ३३ ते ३६ शून्ये आकडेमोडींत बसवला. ग्रहाएवढ्या वस्तुमानाचा संगणक सेकंदाला १ वर ४२ शून्ये आकडेमोडी करू शकेल असा एक अंदाज आहे. तो खरा मानला तर आपला संपूर्ण इतिहास हे त्या यंत्राचे सेकंदाच्या दशलक्षांशाहूनही कमी वेळाचे काम ठरते.

यावर उभा असलेला त्यांचा निष्कर्ष तीन पर्यायांचा आहे, आणि लोकप्रिय चर्चेत त्यातला एकच उचलला जातो. एक तर आपल्या टप्प्यावरच्या जवळपास सर्व संस्कृती इतकी क्षमता येण्याआधीच नष्ट होतात; किंवा क्षमता आलेल्या संस्कृतींना आपल्या पूर्वजांची सिम्युलेशने चालवण्यात रस नसतो; किंवा आपण जवळजवळ निश्चितपणे सिम्युलेशनमध्ये आहोत. यांपैकी किमान एक विधान खरे असले पाहिजे, एवढेच बॉस्ट्रम म्हणतात, आणि तिघांवर साधारण सारखाच विश्वास ठेवावा असे सुचवतात. उद्योजक इलॉन मस्क यांनी २०१६ मध्ये आपण मूळ वास्तवात असण्याची शक्यता अब्जात एक असल्याचे सांगितले, तेव्हापासून तिसरे विधान म्हणजेच सगळा सिद्धान्त असा समज पसरला. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड किपिंग यांनी २०२० मध्ये बेझच्या संभाव्यतेच्या पद्धतीने केलेल्या हिशेबात आपण सिम्युलेशनमध्ये असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित कमी निघाली.

तिसऱ्या पर्यायामागचा तर्क शिरगणतीचा आहे. कुंभमेळ्याच्या पर्वणीला रामकुंडावर उभ्या असलेल्या एखाद्या माणसाची स्मृती गेली आणि आपण नाशिककर की बाहेरगावचे, याची पैज त्याला लावावी लागली, तर त्याने 'बाहेरगावचा' म्हणावे हे उघड आहे, कारण त्या दिवशी घाटावर बाहेरचेच कितीतरी जास्त असतात. मूळ मानवी इतिहास एक आणि सिम्युलेशने हजारो असतील, तर आपणही तशीच पैज लावावी, असा हा युक्तिवाद आहे. उदाहरण चपखल वाटते खरे, पण ते जिथे अडते तीच जागा महत्त्वाची आहे. घाटावरचे नाशिककर आणि बाहेरगावचे दोघेही माणसेच असतात, म्हणून त्यांची एकत्र मोजणी करता येते. गर्दीच्या नियोजनासाठी संगणकावर जी प्रारूपे करतात त्यांतही हजारो 'माणसे' असतात, पण तिथे माणूस म्हणजे जागा, वेग, दिशा आणि शेजाऱ्यापासूनचे अंतर एवढेच ठाऊक असलेला ठिपका. रामकुंडावरचा माणूस आपण त्या ठिपक्यांपैकी तर नाही ना, असा विचार करत नाही, कारण विचार करणारा ठिपका नसतो.

म्हणून सगळा भार एका आधारविधानावर येतो: जाणीव ही मेंदूतल्या पेशींची मक्तेदारी नाही, योग्य रचना असेल तर सिलिकॉनवरही ती उमटेल. बॉस्ट्रम हे गृहीत धरून चालतात, सिद्ध करत नाहीत. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी १९८० मध्येच याला विरोध करताना, वादळी पावसाच्या सिम्युलेशनने कोणी चिंब होत नाही, याची आठवण करून दिली होती. प्रत्यूषवर चालवलेल्या गारपिटीने पुण्यातल्या त्या खोलीत एकही गार पडत नाही, हे खरेच आहे. पण यावर प्रतिपक्षाचे उत्तरही तयार आहे: सिम्युलेशनमधला पाऊस बाहेरच्यांना भिजवत नसला, तरी आत कोणी असेल तर त्याला भिजवीलच, आणि आपण बाहेरचे आहोत हे ठरलेले कुठे आहे?

हाच मुद्दा दुसऱ्या पर्यायाला नैतिक धार देतो. २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात सरदार चौकातील चेंगराचेंगरीत ३९ जणांचा मृत्यू झाला. अशी घटना ठिपक्यांच्या प्रारूपात पुन्हा पुन्हा चालवून पाहणे आणि रस्त्याची रुंदी, अडथळे, वेळा बदलून बघणे यात कोणाला गैर वाटणार नाही, उलट ते आवश्यकच आहे. त्या ठिपक्यांना श्वास कोंडल्याचे जाणवत असते, तर तोच प्रयोग अमानुष ठरला असता. पूर्वजांचा खरा इतिहास जाणिवेसह चालवणे म्हणजे अशी प्रत्येक दुर्घटना, प्रत्येक दुष्काळ आणि प्रत्येक साथ पुन्हा घडवणे, आणि प्रगत संस्कृती त्यावर बंदी घालतील ही शक्यता बॉस्ट्रम यांनीही विचारात घेतली आहे.

प्रत्यक्ष पुरावा शोधण्याचे प्रयत्न थोडे आहेत. सायलस बीन, झोहरे दाऊदी आणि मार्टिन सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये असे मांडले की अवकाश जर घनाकृती जाळीवर मोजले जात असेल, तर सुमारे ५० अब्ज अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट इतक्या प्रचंड ऊर्जेच्या वैश्विक किरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या) वितरणात जाळीच्या दिशांचा ठसा उमटावा. असा ठसा आजवर सापडलेला नाही. पण जाळी पुरेशी बारीक असेल किंवा मोजणी जाळीवर होतच नसेल तर तो सापडणारही नाही. कोणतेही निरीक्षण चालकाने बेतलेले असू शकते असे म्हणण्याची सोय उरते, त्यामुळे सबिने होसेनफेल्डर यांच्यासारखे भौतिकशास्त्रज्ञ हा विषय विज्ञानाच्या कक्षेत धरत नाहीत, आणि त्यांची हरकत रास्त आहे.

मराठीत या गृहीतकाची ओळख बहुधा 'म्हणजे आपली मायाच' अशी करून दिली जाते, ती तितकीशी बरोबर नाही. शांकर मतात दोरीवर साप भासतो आणि ज्ञान झाल्यावर तो नाहीसा होतो. सिम्युलेशनमधले जग ते सिम्युलेशन आहे हे कळल्याने नाहीसे होत नाही, आणि त्यामागचे अंतिम तत्त्वही ब्रह्म नसून दुसऱ्या कोणाचे तरी यंत्र असते. जवळचे साम्य शोधायचेच तर ते त्र्यंबकेश्वरी समाधी असलेल्या निवृत्तिनाथांच्या शिष्याकडे आढळते. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'त अज्ञानाचे खंडन करून जगाला खोटा भास न मानता चैतन्याचा विलास मानले. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी २०२२ मध्ये, सिम्युलेशनमधील वस्तूही खऱ्याच असतात, फक्त त्या कशाच्या बनल्या आहेत याबद्दलची आपली समजूत चुकलेली असते, अशी भूमिका घेतली. जगाला भ्रम न म्हणण्यात ही दोन्ही मते एकत्र येतात, मूळ तत्त्वाच्या प्रश्नावर मात्र दूर जातात. सिम्युलेशन चालवणारेही दुसऱ्या सिम्युलेशनमध्ये असू शकतात, हे बॉस्ट्रम यांनी मान्य केले आहे. अशा उतरंडीत वरच्या प्रत्येक मडक्याचा भार शेवटी तळाच्या मडक्यावर येतो, म्हणजे सगळ्या थरांची गणना तळच्या एका संगणकालाच करावी लागते. त्यामुळे एखाद्या थरातील लोक स्वतःची सिम्युलेशने मोठ्या प्रमाणावर चालवू लागले, तर खर्च न परवडून त्यांना चालवणारे तो थरच बंद करतील, असाही एक तर्क केला जातो.