सेझानच्या आधी कोण, नंतर कोण

पॉल सेझान म्हटलं की "आधुनिक चित्रकलेचा बाप" असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण हा बाप स्वतः कुणाच्या तालमीत तयार झाला ते फारसं कुणी सांगत नाही. आणि त्याला वर आणलं ते समीक्षकांनी नाही, बाकीच्या चित्रकारांनी, तेही बरेचदा स्वतःच्या खिशाला चाट लावून.

जन्म १८३९ चा, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावचा. वडिलांचा आधी टोप्यांचा धंदा, मग बँक, त्यामुळे पोराने वकील व्हावं ही इच्छा ओघाने आलीच. शाळेतला जिगरी दोस्त एमिल झोला, पुढचा मोठा कादंबरीकार, तो पॅरिसला गेला आणि तिथून पत्रांवर पत्रं, की ये रे इकडे. १८६१ मध्ये सेझान गेला. अकादेमी स्विस नावाच्या जागी मॉडेल बसायचं पण शिकवायला मास्तर कुणी नाही, बाकी वेळ लूव्रमध्ये. डोक्यात देलाक्रुआ आणि कुर्बे हे आधीचे दोन मोठे फ्रेंच चित्रकार. त्या दशकातली त्याची बरीच पेंटिंग्ज काळपट आहेत, रंग ब्रशऐवजी पॅलेट नाइफने, म्हणजे छोट्या पात्याने थापलेले, कुठेकुठे चक्क खून-बलात्काराचे विषय, आणि सलोन, म्हणजे पॅरिसचं मोठं सरकारी प्रदर्शन, ती परत पाठवत राहिलं.

मग पिसारो. कामिय पिसारो, इम्प्रेशनिस्ट चित्रकार, सेझानपेक्षा नऊ वर्षांनी मोठा, ओळख अकादेमी स्विसमधलीच. १८७२ मध्ये सेझान जोडीदारीण ऑर्तांस आणि तान्ह्या पोराला घेऊन पिसारोच्या गावी, पोंत्वाजला गेला, नंतर जवळच्या ओव्हेरला (तिथले डॉक्टर गाशे, म्हणजे पुढे १८९० मध्ये व्हॅन गॉग ज्यांच्याकडे गेला तेच). दोघं शेजारी शेजारी इझल लावून एकच लँडस्केप रंगवायचे. पिसारोचं लुव्हसिएन गावाचं एक चित्र तर सेझानने घेऊन जसंच्या तसं उतरवून काढलं, तिशी उलटलेल्या माणसाने! काळा रंग मागे पडला, ब्रशचे फटके लहान झाले, आणि उजेड-सावली दाखवायला रंगाशेजारी रंग ठेवायची सवय लागली. म्हातारपणी एक्सच्या एका प्रदर्शनात स्वतःच्या नावापुढे त्याने "पिसारोचा शिष्य" असं लिहिलं, तेव्हा पिसारो जाऊन तीनेक वर्षं झाली होती.

इम्प्रेशनिस्टांबरोबर (उघड्यावर बसून बदलता उजेड रंगवणाऱ्या पिसारोच्या गटाबरोबर) तो दोनदाच प्रदर्शनात होता, १८७४ आणि १८७७, लोकांनी यथेच्छ टिंगल केली, आणि मग हा गडी बराच काळ गावाकडेच. १८८६ मध्ये झोलाने एका फसलेल्या चित्रकारावर कादंबरी लिहिली, तो चित्रकार म्हणजे आपणच असं सेझानला वाटलं आणि तिथेच दोस्ती तुटली असं सगळे सांगतात, पण सेझानने झोलाला लिहिलेलं १८८७ चं एक पत्र नंतर उजेडात आलंय त्यामुळे ते एवढं सरळ नसावं.

त्या वर्षांत पॅरिसमध्ये त्याचं काम बघायचं म्हणजे तांगीबाबांचं रंगाचं दुकान. हा माणूस पैशांऐवजी चित्रं घेऊन रंग द्यायचा. गोगाँ, एमिल बर्नार वगैरे चित्रकार तिथेच जाऊन सेझान बघायचे. गोगाँकडे तर स्वतःचा एक सेझान होता: पांढरं कापड, फळांचं उंच भांडं, एक ग्लास, काही सफरचंदं, टेबलाच्या कडेला तिरकी ठेवलेली सुरी, मागे पानापानांचा वॉलपेपर. भांड्याची कड नीट बघितली तर वाकडी आहे, एका बाजूला जास्त फुगलेली. हे चित्र अंगावरचा शर्ट गेल्यावरच विकीन असं गोगाँ म्हणायचा (शेवटी आजारपणात विकावं लागलंच). १८९० मध्ये त्याने एका बाईचं पोर्ट्रेट केलं त्यात मागे हेच चित्र, आणि १९०० मध्ये मॉरिस देनी या चित्रकाराने सेझानला मानवंदना म्हणून जे मोठं पेंटिंग केलं त्यात रदों, व्ह्युयार, बोनार ही चित्रकार मंडळी उभी आहेत ती परत याच चित्राभोवती. सेझानला मात्र गोगाँ आवडायचा नाही, माझं चोरलं म्हणून तक्रार करायचा.

१८९५ मध्ये व्होलार नावाच्या डीलरने सेझानचं पहिलं सोलो प्रदर्शन भरवलं. १८९९ मध्ये चित्रकार मातीसने या व्होलारकडूनच अंघोळ करणाऱ्या तीन बायकांचं छोटं चित्र घेतलं, हातात पैसे नव्हते, त्यासाठी बायकोची अंगठी गहाण पडली, आणि ते चित्र त्याने ३७ वर्षं जपून १९३६ मध्ये पॅरिसच्या म्युझियमला देऊन टाकलं. सेझान १९०६ मध्ये गेला, पुढच्याच वर्षी सलोन दोतोन या पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात त्याचं मोठं प्रदर्शन झालं. १९०८ मध्ये चित्रकार ब्राक मुद्दाम दक्षिणेतल्या लेस्ताकला, सेझान जिथे रंगवायचा त्याच जागी, जाऊन घरं रंगवून आला, एका समीक्षकाने हे काय नुसते क्यूब म्हणून नाक मुरडलं आणि ब्राक-पिकासोच्या या नव्या, ठोकळेबाज आकारांच्या शैलीला क्यूबिझम नाव मिळालं. पिकासोने तर १९५८ मध्ये सेंत-व्हिक्त्वार डोंगराच्या पायथ्याचा एक जुना वाडाच विकत घेतला, सेझानने जन्मभर रंगवला तोच डोंगर.

आपल्याकडे हा धागा येतो तो रझांमुळे. जेजेत शिकलेले आणि १९४७ च्या मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटातले सय्यद हैदर रझा १९४८ मध्ये काश्मीरला गेले, तिथे फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ भेटला. त्याने चित्रं बघून सांगितलं की हात चांगला आहे पण रचना कच्ची आहे, सेझानचा अभ्यास कर. रझांनी ते मनावर घेतलं, फ्रेंच शिकले, स्कॉलरशिप मिळवली आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. तिथल्या पहिल्या वर्षांतली त्यांची गावांची चित्रं बघा, घरं कशी ठोकळ्यांसारखी एकमेकांत बसवलीत.