व्हायरल लोड दबला, आता पोटाचा घेर मोजा

एचआयव्हीची गोळी न चुकवता घेणाऱ्याच्या व्हायरल लोडच्या (रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या) रिपोर्टवर ‘विषाणू आढळला नाही’ असा शेरा येतो, तेव्हा फार मोठं काम झालेलं असतं. सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) सावरू लागतात आणि विषाणू असाच दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण हृदयविकाराचा धोका अशा व्यक्तींमध्येही इतरांच्या साधारण दीडपट ते दुप्पट आढळतो. यामागे शरीरात वर्षानुवर्षं धुमसत राहणारा मंद दाह आहे, आणि या दाहाला पोटातली चरबी हातभार लावते. एआरटी (विषाणू दाबणारे औषधोपचार) केंद्रावर वजन नोंदवलं जातंच. आमच्या मते त्याच्या शेजारी कमरेचा घेरही लिहिला गेला पाहिजे.

हा दाह सुरू होतो आतड्यात. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. अस्तर कमकुवत होतं आणि आतड्यातल्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे रक्तात झिरपतात. प्रतिकारशक्ती त्यांना हल्ला समजून सतत सज्ज राहते. औषधांनी विषाणू दबतो, पण हे अस्तर पूर्वीसारखं होत नाही. शिवाय काही पेशींत विषाणू सुप्तावस्थेत उरतोच. म्हणून आयएल-६ आणि सीआरपीसारखे दाहाचे निदर्शक उपचारानंतर उतरतात, तरी बऱ्याच जणांत ते निरोगी माणसाच्या पातळीवर येत नाहीत.

चरबी इथे कशी येते ते पाहू. त्वचेखाली चिमटीत धरता येते ती चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. आतडी आणि यकृताभोवती साठते ती वेगळी. तिच्या पेशी फुगत जातात, मधल्या भागाला प्राणवायू पुरत नाही, काही पेशी मरतात. सूक्ष्मदर्शकाखाली अशा मेलेल्या पेशीभोवती मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशींचं कडं दिसतं. त्यांतून आयएल-६ आणि टीएनएफ ही दाह वाढवणारी रसायनं स्रवतात. या भागातलं बरंचसं रक्त थेट यकृतात जात असल्याने यकृत सीआरपी वाढवतं, चरबी साठवू लागतं आणि इन्सुलिनला दाद देईनासं होतं. एचआयव्ही असेल तर आणखी एक गोष्ट घडते: चरबीत वस्तीला असलेल्या टी पेशींमध्ये विषाणूचा डीएनए सापडलेला आहे. म्हणजे ही चरबी दाहाला खतपाणी घालते आणि विषाणूला आसराही देते.

औषधांचा वाटाही समजून घ्यायला हवा. भारतात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी सुरू झाली, तेव्हा अनेकांच्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडीन असायचं. ते चरबीच्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाचं (पेशीच्या ऊर्जाकेंद्रांचं) नुकसान करायचं. गाल बसायचे, हातापायांच्या शिरा वर यायच्या, आणि काहींच्या पोटावर किंवा मानेमागे मात्र चरबी वाढायची. चेहऱ्यावरून लोक ओळखतील या धास्तीने कित्येकांनी गोळ्या सोडल्या. हे औषध आता वापरात नाही. पण ज्यांचे गाल तेव्हा बसले, त्यांची ती चरबी औषध बदलल्यावरही पूर्ण भरून आलेली नाही.

आज बहुतेकांना टीएलडी मिळते: टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिव्ह्युडीन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिग्रॅ, एकाच गोळीत. यावर वजन वाढतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडव्हान्स चाचणीत ४८ आठवड्यांत याच धर्तीच्या औषधांवर सरासरी ३ किलो वाढले, टेनोफोव्हिरचा नवा प्रकार (टीएएफ) जोडलेल्या गटात ६ किलो, आणि जुन्या एफाव्हिरेन्झवर सुमारे १ किलो. स्त्रियांमध्ये वाढ जास्त होती. यातलं काही वजन आजारात झडलेलं परत येतं, ते हवंच. एफाव्हिरेन्झ आणि जुनं टेनोफोव्हिर वजन दाबून ठेवतात, त्यामुळेही तुलनेत फरक मोठा दिसतो. म्हणून वजनाच्या धास्तीने गोळी बंद करणं हा उपाय नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या स्मार्ट चाचणीत ५,४७२ जण होते. ज्यांची औषधं मध्येच थांबवली त्यांच्यात आयएल-६ आणि डी-डायमर (रक्त गोठण्याचा निदर्शक) वाढले, मृत्यूही जास्त झाले.

घरी मात्र उलटंच चालतं. ‘बारीक दिसलास तर लोक विचारतील’ म्हणून डिंकाचे लाडू, तूप, टॉनिक यांचा मारा होतो. व्हायरल लोड दबल्यावर आणि वजन जागेवर आल्यावर याची गरज उरत नाही.

घेर मोजायला शिवणकामाची टेप पुरते. कपडे बाजूला करून ताठ उभं राहा, पायांत थोडं अंतर ठेवा. कुशीत बोटांनी शेवटची बरगडी आणि खालचं कमरेचं हाड शोधा. दोन्हींच्या बरोबर मधोमध टेप आडवी फिरवा. श्वास सहज सोडून झाल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढलं, पँटच्या पट्ट्यावर मोजलं किंवा टेप मागे घसरली की आकडा चुकतो, आणि बहुधा कमीच येतो. आपल्याकडच्या पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा धरतात. दर तीन महिन्यांनी, त्याच वेळी, त्याच पद्धतीने मोजा. घेर वाढत असेल तर रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि लिपिड तपासून घ्या. सीआरपीच्या मागे लागू नका. साध्या सर्दीनेही ती वाढते.

आतली चरबी व्यायामाला लवकर दाद देते, काट्यावर फारसा फरक न दिसताही. आठवड्याला १५० मिनिटं झपाझप चालणं आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम हे लक्ष्य ठेवा. गोड चहा आणि बेकरीचे पदार्थ आधी कमी करा. ताटातली डाळ, उसळ, अंडं कमी करू नका. तंबाखू कोणत्याही रूपात सोडा.

औषधाच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा २०२३ मधल्या रिप्रीव्ह चाचणीचा आहे. १२ देशांत, भारतातही, ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ जणांवर ती झाली. हृदयविकाराचा धोका कमी ते मध्यम असलेल्यांना रोज ४ मिग्रॅ पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध) दिल्यावर हृदयविकार, पक्षाघात अशा घटना ३५ टक्क्यांनी घटल्या. मधुमेह मात्र थोडा जास्त आढळला. चाळिशी ओलांडलेल्यांनी स्टॅटिनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं. दुसऱ्या टप्प्याच्या उपचारात रिटोनाव्हिर असेल तर सिम्व्हास्टॅटिन चालत नाही, स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर डोल्युटेग्राव्हिरमुळे त्याची रक्तातली पातळी वाढते, म्हणून दिवसाला १००० मिग्रॅपेक्षा जास्त नको. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी उपाशीपोटी घेतली तर ती डोल्युटेग्राव्हिर शोषू देत नाही. एकतर दोन्ही जेवणासोबत घ्या, नाहीतर टीएलडी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

आणि प्रयत्न न करता घेर उतरू लागला, कपडे सैल झाले, सोबत खोकला, ताप किंवा रात्री घाम असेल, तर आधी टीबीची तपासणी करा, त्याच आठवड्यात.