फुल टॉवर कॅबिनेट: तक्त्यातले रकाने आले कुठून?

संगणकाचे भाग बसवायचं मोठं कॅबिनेट, म्हणजे फुल टॉवर, घ्यायचं ठरलं की आधी उघडला जातो तो मापांचा तक्ता. कोणत्या आकाराचा मदरबोर्ड बसतो, ग्राफिक्स कार्डाला किती मिलिमीटर जागा आहे, सीपीयूचा (प्रोसेसरचा) कूलर किती उंच चालेल, पंखे किती, रेडिएटर कुठे आणि केवढा, हार्ड डिस्क किती. हे रकाने इतके सवयीचे झालेत की ते आले कुठून हा प्रश्न कुणाला पडत नाही. खरं तर त्यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कुठल्या तरी काळात पीसी स्वतः जुळवणाऱ्यांना झालेल्या त्रासातून आला आहे. काही त्रास केव्हाच मिटले, रकाने तसेच राहिले. काही त्रास नवे आहेत आणि त्यांना तक्त्यात अजून जागाच मिळालेली नाही.

१९८१ चा आयबीएम पीसी आडवा होता. टेबलावर पत्र्याची पेटी, तिच्यावर मॉनिटर. आत जादा कार्डं बसवायचे पाच स्लॉट आणि ६३.५ वॅटचा पॉवर सप्लाय. १९८३ च्या एक्सटीमध्ये स्लॉट आठ झाले, पॉवर सप्लाय १३० वॅटवर गेला. पुढच्याच वर्षी एटीमध्ये तो १९२ वॅटचा झाला. पेटी वाढत गेली, टेबल तेवढंच राहिलं. तेव्हा ती उभी करून जमिनीवर ठेवणं ओघानेच आलं. १९८७ मध्ये पीएस/२ मालिकेतली मॉडेल ६० आणि मॉडेल ८० ही यंत्रं आयबीएमने मुळातच जमिनीवर उभी राहणारी म्हणून काढली.

नव्वदच्या दशकात टॉवरचा मोठेपणा मोजला जायचा तो खणांवर. पुढून उघडे असलेले सव्वापाच इंची खण जितके जास्त, तितकं कॅबिनेट वरच्या दर्जाचं. सीडी ड्राइव्ह, मग सीडी रायटर, टेप ड्राइव्ह, स्कझी (एससीएसआय) जोडणीच्या डिस्कांची चळत, या सगळ्यांना खण लागायचे. बाकी कशाचा विचार फारसा नव्हता. पत्र्याच्या कडा न दुमडता तशाच सोडलेल्या असत आणि हार्ड डिस्क बसवताना बोट कापलं नाही असा माणूस विरळा. जुन्या परीक्षणांमध्ये ‘कडा दुमडलेल्या आहेत’ हे वाक्य कौतुकाने यायचं ते त्यामुळे.

त्या काळच्या कॅबिनेटवर प्रोसेसरचा वेग बदलणारं टर्बोचं बटण असायचं आणि शेजारी मेगाहर्ट्‌झचा आकडा दाखवणारा छोटा डिस्प्ले. हा आकडा कुठलाही वेग मोजत नसे. डिस्प्लेच्या मागच्या जंपरांनी, म्हणजे पिना जोडणाऱ्या चिमुकल्या टोप्यांनी, जो जुळवून ठेवला तोच दिसायचा. ३३ मेगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरवर ६६ झळकवायला कुणाची हरकत नव्हती. कॅबिनेटवरच्या आकड्याची सवय अशी पहिल्यापासूनची आहे.

खरा बदल १९९५ मध्ये झाला. इंटेलने एटीएक्स हा आराखडा जाहीर केला: बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूंच्या जागा ठरलेल्या, मागच्या जोडण्यांसाठी एका मापाची आयताकृती खिडकी, सात स्लॉट. बोर्ड कुणाचाही असो, कॅबिनेट कुणाचंही असो, दोन्ही जुळणार. अदलाबदल त्याआधीही चालायची, पण मागच्या जोडण्यांपर्यंत सगळं इतकं पक्कं नव्हतं. कॅबिनेट आतल्या यंत्रापेक्षा जास्त वर्षं टिकू शकतं, म्हणून त्यावर वेगळे पैसे घालावेत आणि ते वेगळं तपासावं, हा विचारच मुळात एटीएक्सने शक्य केला. आज तीस वर्षं उलटली तरी तोच आराखडा चालू आहे.

त्या आराखड्यात हवेचा विचार मात्र त्या काळापुरता होता. पॉवर सप्लाय वर, प्रोसेसरच्या शेजारी. मूळ कल्पना अशी की पॉवर सप्लायच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी. म्हणजे पॉवर सप्लायमध्ये तापलेलीच हवा प्रोसेसरला मिळणार. ती दिशा पुढे उलटी झाली आणि पॉवर सप्लाय आतली गरम हवा बाहेर टाकू लागला. प्रोसेसर तीस-चाळीस वॅटचे होते तोवर हे चालून गेलं.

२००४ चा प्रेस्कॉट पेंटियम ४ शंभर वॅटच्या वर गेला तेव्हा हे भागेना. प्रोसेसरच्या कूलरपाशी पोचणारी हवा ३८ अंशांपेक्षा गरम नसावी, असं मार्गदर्शन इंटेलने कॅबिनेट बनवणाऱ्यांना दिलं. बाजूच्या झाकणाला भोक आणि आतून प्रोसेसरपर्यंत नळी असलेली कॅबिनेटं त्यातूनच आली. त्याच सुमारास इंटेलने बीटीएक्स नावाचा नवा आराखडाही आणला. बोर्डाची मांडणी बदलून हवा पुढून मागे सरळ जावी अशी त्याची रचना होती आणि तांत्रिकदृष्ट्या ती वाईट नव्हती. पण त्यासाठी कॅबिनेटही बदलावं लागणार होतं. २००६ मध्ये कमी तापणारे कोअर २ प्रोसेसर आले आणि बीटीएक्सची निकड संपली. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते: बोर्डाची मांडणी बदलायची नाही हे एकदा नक्की झाल्यावर हवेची सगळी जबाबदारी कॅबिनेट बनवणाऱ्यांवर येऊन पडली. पुढच्या पाच-सहा वर्षांत फुल टॉवरमध्ये जेवढे प्रयोग झाले तेवढे त्याआधी झाले नव्हते.

२००५ च्या अँटेक पी१८० ने पॉवर सप्लाय तळाशी नेऊन त्याला वेगळा कप्पा दिला, आणि आवाज दाबण्यासाठी झाकणं अनेक थरांची केली. आज हे सगळीकडे दिसतं. तेव्हा त्यातून वेगळीच कटकट निघाली. बाजारातल्या पॉवर सप्लायच्या केबल वरच्या जागेच्या हिशोबाने कापलेल्या होत्या. तळातून निघून बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातल्या प्रोसेसरच्या सॉकेटपर्यंत त्या पोचत नसत, आणि जोडकेबल वेगळी घ्यावी लागे. २००८ मध्ये कूलर मास्टरने एचएएफ ९३२ काढलं: २३० मिलिमीटरचे तीन पंखे, पुढे, वर आणि बाजूला, शिवाय मागे १४० चा एक. दिसायला रणगाड्याचा भाऊ, पण हिशोब साधा होता. मोठा पंखा हळू फिरूनही भरपूर हवा ढकलतो. ८० मिलिमीटरवरून १२० वर गेलं तरी पंख्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. सिल्व्हरस्टोनने रेव्हन मालिकेत तर बोर्डच नव्वद अंशांत फिरवला, म्हणजे गरम हवा वरच्या वर निघून जाईल.

या सगळ्यातून ‘मोठं कॅबिनेट म्हणजे थंड कॅबिनेट’ हा समज रुजला आणि तो अजून गेलेला नाही. आतली पोकळी काहीही थंड करत नाही. थंड करते ती आत येऊन बाहेर जाणारी हवा. तेच पंखे मोठ्या पेटीत लावले तर हवेला रेंगाळायला जास्त कोपरे मिळतात, एवढंच. मोठ्या पेटीचा फायदा तेव्हाच, जेव्हा त्या जागेत मोठे किंवा जास्त पंखे खरोखर लावले जातात आणि समोरची जाळी त्यांना श्वास घेऊ देते.

२००९ मध्ये मेमरी आणि पॉवर सप्लायसाठी ओळखली जाणारी कॉर्सेअर कंपनी ऑब्सिडियन ८००डी घेऊन कॅबिनेटच्या धंद्यात उतरली. समोरचा दर्शनी भाग बंदिस्त होता आणि हवेच्या बाबतीत त्यावर टीकाही झाली. पण आतली मांडणी पाहून लोक हरखले. बोर्ड ज्यावर बसतो त्या पाट्याला केबल मागे नेण्यासाठी रबर लावलेल्या खिडक्या, आणि प्रोसेसरच्या बरोबर मागे मोठं भोक. हे भोक क्षुल्लक वाटेल, पण ते नसताना मागून पट्टी लागणारा कूलर बदलायचा म्हणजे सगळी कार्डं, सगळ्या केबल काढून अख्खा बोर्ड बाहेर घ्यावा लागायचा. केबल लपवण्याची जागा हा निकष पक्का झाला तो याच सुमारास. बोर्डाच्या पाट्यामागे किती मिलिमीटर आहेत ते आता तक्त्यात लिहितात. माझ्या मते वीसच्या खाली असेल तर बोर्डाला वीज देणाऱ्या जाड चोवीस पिनी केबलवर झाकण दाबून बसवावं लागतं, आणि एवढ्या मोठ्या पेटीत अशी वेळ येऊ नये.

मग पाण्याने थंड करण्याचा काळ आला, आणि ते पाणी गार करायला रेडिएटर. एकापुढे एक तीन १२० चे पंखे म्हणजे ३६० चा रेडिएटर, चार म्हणजे ४८०. टॉवरची उंची आता खणांऐवजी या पटींत मोजली जाऊ लागली. २०१२ चं कूलर मास्टरचं कॉसमॉस २ रिकामं असताना सुमारे २२ किलोचं होतं. २०१८ चं कॉर्सेअर १०००डी साडेएकोणतीस किलोचं, अठरा पंख्यांची सोय असलेलं, आणि आत दोन वेगळे संगणक मावतील एवढं. वजनाचा रकाना तोवर कुणी वाचत नसे.

सव्वापाच इंची खण मात्र याच काळात गेले. २०१४ च्या एनझेडएक्सटी एच४४० ने ते सगळे काढून टाकले आणि पॉवर सप्लायवर झाकण घातलं. तेव्हा ओरड झाली, पण काही वर्षांत सगळ्यांनीच ते केलं. मोकळ्या झालेल्या जागेत रेडिएटर आले आणि झाकणांवर काच आली. काच पुढेही आली, आणि तिथे गणित फसलं: पंखे काचेमागे गुदमरू लागले. एक कंपनी समोर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक लावून कॅबिनेट काढते, परीक्षक तापमानाचे आकडे दाखवतात, वर्षभरात तेच कॅबिनेट जाळी लावून परत येतं, असं त्या दोन-तीन वर्षांत घडलं. कूलर मास्टरचं एच५००पी आणि मागून आलेलं एच५००पी मेश हे त्याचं ठळक उदाहरण. परीक्षणाची पद्धतही याच भांडणात सुधारली. खोलीचं तापमान वजा करून आकडा देणं, आणि सगळ्या कॅबिनेटांचे पंखे एकाच आवाजाच्या पातळीला आणून मग तापमान मोजणं, हे आता गंभीर परीक्षणात गृहीतच धरतात. पंखे पूर्ण वेगाने पळवून कुठलंही कॅबिनेट थंड दाखवता येतं.

ग्राफिक्स कार्डाची कथा सगळ्यात रंजक. २००६ च्या एनव्हिडियाच्या ८८०० जीटीएक्स या कार्डाची लांबी २६७ मिलिमीटर होती, आणि अनेक कॅबिनेटांत ते हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यावर जाऊन आदळायचं. कार्डाच्या लांबीचा रकाना तिथून महत्त्वाचा झाला. पण त्याहून जुन्या एटीच्या काळातली पूर्ण लांबीची कार्डं ३३० मिलिमीटरच्या पुढची होती! ती वाकत नसत, कारण कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला खाचा असलेली प्लॅस्टिकची पट्टी असायची आणि कार्डाचं दुसरं टोक तिच्यात अडकायचं. कार्डं आखूड झाली, पट्टी अनावश्यक ठरली आणि नाहीशी झाली. २०२२ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० आलं. त्यातली काही कार्डं ३५० मिलिमीटरच्या वर आणि दोन किलोपेक्षा जड, फक्त मागच्या दोन-तीन स्क्रूंवर आणि स्लॉटवर लोंबकळणारी. आता त्यांना खालून टेकू देतात. चाळीस वर्षांपूर्वीचं साधं उत्तर वेगळी वस्तू म्हणून परत विकलं जातंय, आणि मोठ्या कॅबिनेटमध्ये कार्डाचं दुसरं टोक धरण्याची सोय आहे की नाही, याचा रकाना मात्र बहुतेक तक्त्यांत नसतो.

तसाच नसलेला दुसरा रकाना म्हणजे बोर्डापासून काचेपर्यंतचं अंतर. ४०९० एकटं ४५० वॅट खातं, पहिल्या आयबीएम पीसीच्या अख्ख्या पॉवर सप्लायच्या सात पट. ही वीज सोळा पिनी प्लगमधून येते. ऑक्टोबर २०२२ पासून हे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या. प्लग पूर्ण आत न बसणं हे मुख्य कारण असल्याचं एनव्हिडियाने सांगितलं. केबल प्लगपासून सुमारे ३५ मिलिमीटर सरळ ठेवून मग वळवावी, असा सल्ला दिला जातो. एनव्हिडियाच्या स्वतःच्या कार्डाची उंची, म्हणजे बोर्डापासून काचेच्या दिशेने, १३७ मिलिमीटर. त्यात ३५ मिळवले की १७२ झाले, आणि इतर कंपन्यांची कार्डं याहून उंच असतात. रुंदीत कंजुषी केलेल्या टॉवरमध्ये काच केबलला प्लगपाशीच दाबते. तक्ता लांबी सांगतो, हे सांगत नाही. सीपीयू कूलरची उंचीही काचेच्याच दिशेने मोजतात, म्हणून तो आकडा १८० च्या आसपास असेल तर थोडा निर्धास्तपणा येतो, पण तो अंदाजच.

आणि आहेत त्या रकान्यांतही टर्बोच्या डिस्प्लेचा वारसा शिल्लक आहे. ई-एटीएक्स म्हणजे ३०५ बाय ३३० मिलिमीटर. दोन प्रोसेसरच्या वर्कस्टेशन बोर्डांतून आलेलं माप. पण २७० ते २८० मिलिमीटर रुंदीच्या महागड्या गेमिंग बोर्डांनाही कंपन्या ई-एटीएक्सच म्हणतात. त्यामुळे ‘ई-एटीएक्स चालतो’ असं लिहिलेल्या कॅबिनेटमध्ये खरा ३३० चा बोर्ड केबलच्या खिडक्या झाकून बसतो, किंवा बसतच नाही. रेडिएटरचंही तसंच. ‘वर ४२० (१४० चे तीन पंखे), पुढे ४८०’ यात दोन्ही एकाच वेळी, असं कुठे म्हटलेलं असतं? २७-३० मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ चा पंखा मिळून वरून सव्वापाच-साडेपाच सेंटिमीटर खाली येतात, आणि तिथे बोर्डाचे हीटसिंक किंवा उंच रॅम वाट बघत असते. जोडणीच्या पुस्तिकेत याचं कोष्टक असेल तर ते कॅबिनेट मी वरच्या रांगेत ठेवतो, दिसायला कसं का असेना.

अनेक ग्राफिक्स कार्डं एकत्र चालवणाऱ्या एसएलआयचा काळ संपल्यावर घरच्या यंत्रात चार कार्डांची गरज उरली नाही. एनव्हिडियाने २०२१ पासून एसएलआयसाठी ड्रायव्हरमध्ये खेळांच्या नव्या जुळण्या (प्रोफाइल) देणंही थांबवलं. आता मोठमोठी भाषिक मॉडेलं घरी चालवणारे दोन-तीन जाड कार्डं एकाच पेटीत कोंबू पाहतात आणि आठ-नऊ स्लॉटांच्या टॉवरकडे पुन्हा वळतात. दुसरा नवा बदल बोर्डाच्या मागून जोडण्या देण्याचा. एसूसची बीटीएफ, एमएसआयची प्रोजेक्ट झिरो. सगळे प्लग बोर्डाच्या पाठीमागे, पुढून केबल फारशी दिसत नाही. त्यासाठी पाट्याला योग्य जागी भोकं लागतात, आणि त्या जागा सगळ्या कंपन्यांनी मिळून अजून ठरवलेल्या नाहीत. तेव्हा ‘मागून जोडणीच्या बोर्डांना चालतं’ या ओळीपुढे कुणाच्या बोर्डांना ते लिहिलेलं नसेल, तर ती ओळ तूर्त हिशोबात धरू नये.