पाहुण्याला वाटतं, घर आपलंच

बऱ्याच छोट्या कार्यालयांत कोपऱ्यात एक जुना कॉम्प्युटर असतो आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टीने कागद लावलेला असतो: ‘बंद करू नये’. हिशेबाचं किंवा साठ्याचं एखादं सॉफ्टवेअर त्यावर चालतं. ते लिहिणारा आता फोन उचलत नाही, नव्या विंडोजवर ते चालत नाही आणि त्याच्यावाचून बिल निघत नाही. 14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चे नियमित अपडेट थांबवले, तेव्हापासून या कोपऱ्यातल्या मशीनबद्दल मला जरा जास्तच विचारणा होते. कुणीतरी जाणकार आधीच सांगून गेलेला असतो, ‘व्हर्च्युअल मशीन करून टाका, झालं.’

सल्ला चांगला आहे. त्यातलं ‘झालं’ तेवढं खरं नाही.

करायचं असतं ते असं: जुन्या कॉम्प्युटरची अख्खी हार्ड डिस्क एका फाइलमध्ये उतरवायची (मायक्रोसॉफ्टचंच डिस्कटूव्हीएचडी हे फुकट साधन चालू मशीनवरही हे करतं), ती फाइल नव्या कॉम्प्युटरवर ठेवायची आणि हायपरवायजर नावाच्या सॉफ्टवेअरने ती अशी चालवायची, की आतल्या विंडोजला आपण अजून त्याच जुन्या खोक्यात आहोत असं वाटावं. खरा कॉम्प्युटर तो होस्ट, आतला तो गेस्ट. म्हणजे पाहुण्याला घर आपलंच वाटलं पाहिजे. हे खोटं कसं निभावतात, हा माझ्या मते संगणकशास्त्रातला सर्वात देखणा प्रकार आहे, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर ऑपरेटिंग सिस्टिम, खालच्या पायरीवर आपले नेहमीचे प्रोग्रॅम. खालच्याने वरच्याची आज्ञा द्यायचा प्रयत्न केला, तर प्रोसेसर त्याला जागेवर थांबवतो आणि ताबा वरच्याकडे देतो. याला ट्रॅप म्हणतात. हायपरवायजर या ट्रॅपचाच फायदा घेतो. तो स्वतः वर बसतो आणि गेस्टच्या ऑपरेटिंग सिस्टिमला नकळत एक पायरी खाली उतरवतो. गेस्ट ऐटीत हुकूम सोडतो, ‘सगळे इंटरप्ट बंद!’ इंटरप्ट म्हणजे कीबोर्ड, डिस्क, घड्याळ यांच्या प्रोसेसरला मारलेल्या हाका. त्या खरोखर बंद झाल्या तर सगळं मशीनच बहिरं होईल. पण प्रोसेसर ट्रॅप करतो, हायपरवायजर जागा होतो, आपल्या वहीत ‘या गेस्टच्या मते इंटरप्ट बंद आहेत’ अशी नोंद करतो, त्या गेस्टच्या नावाच्या हाका तेवढ्या अडवून धरतो आणि गेस्टला पुढच्या आज्ञेवर सोडून देतो. गेस्टला पत्ताही लागत नाही. बेरीज-वजाबाकीसारख्या साध्या आज्ञा तर थेट खऱ्या प्रोसेसरवरच धावतात, म्हणूनच हा प्रकार संथ नसतो.

आयबीएमने हे 1960 च्या दशकातच मोठ्या मशीनवर करून दाखवलं होतं. 1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या संगणकशास्त्रज्ञांनी त्याची अट नेमकी मांडली. सोप्या भाषेत: मशीनच्या खऱ्या स्थितीला हात लावणारी किंवा ती उघड करणारी प्रत्येक आज्ञा खालच्या पायरीवरून दिली तर ट्रॅप झालीच पाहिजे. एकही निसटता कामा नये.

आपल्या टेबलावरचा एक्स-86 (म्हणजे इंटेल-एएमडीच्या घराण्यातला) प्रोसेसर नेमका इथेच नापास होत होता. त्यात पॉपएफ नावाची एक आज्ञा आहे. ती स्टॅकवरची (मेमरीतल्या तात्पुरत्या ढिगावरची) किंमत उचलून प्रोसेसरच्या फ्लॅग रजिस्टरमध्ये, म्हणजे स्थितीच्या खुणा ठेवायच्या कप्प्यात, भरते आणि इंटरप्ट चालू की बंद हे ठरवणारा बिट, म्हणजे एक-शून्याची खूण, हीही त्याच रजिस्टरमध्ये असते. वरच्या पायरीवरून दिली तर तो बिट बदलतो. खालच्या पायरीवरून दिली तर बदलत नाही, आणि ट्रॅपही होत नाही! प्रोसेसर तेवढा बिट गुपचूप गाळून पुढे जातो. गेस्टला वाटतं इंटरप्ट बंद झाले, हायपरवायजरच्या वहीत काहीच नाही, आणि मग नको त्या क्षणी हाक येऊन गेस्ट कोसळतो. इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या आज्ञा तपासल्या तेव्हा अशा 17 निघाल्या.

1998 मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने यावर तोडगा काढला: गेस्टच्या गाभ्यातला कोड चालण्याआधीच वाचायचा, अशा आज्ञा दिसल्या की तिथे आपला कोड घालायचा. पुढे इंटेलने 2005 मध्ये आणि एएमडीने 2006 मध्ये प्रोसेसरमध्येच गेस्टसाठी वेगळी अवस्था दिली आणि हा खटाटोप संपला. नव्या कॉम्प्युटरवर सगळं नीट बसवूनही 64 बिटचा गेस्ट सुरूच होत नसेल, तर बहुधा हीच सोय बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असते. तेवढी चालू करायची.

तर प्रोसेसरच्या बाबतीत खोटं पक्कं आहे. बाकी ठिकाणी मात्र सत्य गळतं. रॅम खरीच लागते. होस्टमध्ये 16 जीबी असताना 4 जीबीचे चार गेस्ट थाटले, तर होस्टने जगायचं कशावर? कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) वाढवले की गेस्ट पळतो, हा तर गंडादोराच झाला आहे. जुन्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला बहुधा एकच कोअर वापरता येतो. त्याला आठ दिले तर उरलेले सात नुसते रांगेत उभे राहतात, आणि होस्टला ती रांग सांभाळावी लागते. घड्याळही गळतं. शुक्रवारी संध्याकाळी पॉज केलेला गेस्ट सोमवारी उठवला आणि होस्टशी वेळ जुळवणारी साधनं आत बसवलेली नसली, तर पहिल्या बिलावर शुक्रवारची तारीख पडू शकते.

‘व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हायरस येत नाही’ हे असंच एक ताईत. गेस्टला होस्टचं फोल्डर शेअर करून दिलं असेल, तर गेस्टमध्ये शिरलेलं रॅन्समवेअर ते फोल्डरही कुलूपबंद करतं. 2015 मध्ये उघड झालेला ‘व्हेनम’ नावाचा दोष तर क्यूईएमयू या हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या नकली फ्लॉपी ड्राइव्हमध्ये होता. फ्लॉपी कुणी वापरत नव्हतं, पण तिची नक्कल करणारा कोड तिथेच होता आणि त्यातून गेस्टबाहेर पडण्याची वाट सापडली. जुन्या विंडोजचा गेस्ट इंटरनेटला जोडूच नये, हे उत्तम.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, या प्रश्नावर लोक तासन्‌तास भांडतात. माझं उत्तर फार लांब नाही. एका टेबलावर एकच जुना प्रोग्रॅम चालवायचा असेल, तर विंडोज प्रोमध्ये हायपर-व्ही असतंच (होम आवृत्तीत नसतं). नाहीतर व्हर्च्युअलबॉक्स, किंवा नोव्हेंबर 2024 पासून व्यवसायासाठीही मोफत झालेलं व्हीएमवेअर वर्कस्टेशन. तीन-चार गेस्ट दिवसभर चालणार असतील तर वेगळं मशीन घेऊन त्यावर विंडोजऐवजी थेट हायपरवायजरच बसवावा. कार्यालयात लिनक्सला न घाबरणारं कुणी असेल तर प्रॉक्समॉक्स हा लिनक्सवर उभा असलेला हायपरवायजर. ‘फुकट’ शब्दापाशी मात्र थांबा. व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे, पण त्याचा जादा सोयी देणारा एक्स्टेन्शन पॅक व्यवसायात वापरायला लायसन्स लागतं. गेस्टमधल्या विंडोजलाही स्वतःचं लायसन्स हवं, आणि जुन्या मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. कंपन्यांचे नियमही फिरतात. ब्रॉडकॉमने 2023 च्या शेवटी व्हीएमवेअर ताब्यात घेतलं आणि काही आठवड्यांतच कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली.

आता स्नॅपशॉट. ही चूक मी स्वतः केली आहे. एका कार्यालयात गेस्टवर अपडेट चढवण्याआधी स्नॅपशॉट घेतला, अपडेट नीट झालं, आणि स्नॅपशॉट तसाच विसरलो. स्नॅपशॉट म्हणजे फोटो नव्हे. तो घेतला की मूळ डिस्कची फाइल गोठवली जाते आणि त्यानंतरचं प्रत्येक लिखाण शेजारच्या नव्या फाइलमध्ये जातं. वाचताना आधी नवी फाइल बघायची, तिथे नसलं तर मूळ. आठ महिन्यांत ती नवी फाइल, नावाच्या शेवटी 000001 असलेली, फुगत गेली. शेवटी होस्टची डिस्क भरली आणि गेस्ट थांबला. फोल्डर उघडलं तर एक भलीमोठी फाइल, बदलल्याची तारीख आठ महिन्यांपूर्वीची. जुनी प्रत दिसते म्हणून उडवली. ती मूळ डिस्क होती. गोठवलेली असल्यामुळेच तिची तारीख जुनी राहिली होती. उरलेल्या फाइलमध्ये फक्त बदल होते, आणि बदल कशातले, हे सांगणारं आता काहीच नव्हतं.

करायला हवं होतं ते उलट वाटणारं आहे: हायपरवायजरच्या मेनूतून स्नॅपशॉट डिलीट करायचा. त्याने माहिती पुसली जात नाही. नव्या फाइलमधले बदल मूळ फाइलमध्ये मिसळले जातात. मात्र या कामालाही डिस्कवर थोडी मोकळी जागा लागू शकते, म्हणून डिस्क काठोकाठ भरायच्या आत ते उरकावं.

त्या दिवशी वाचलो ते वीस दिवसांपूर्वी दुसऱ्या डिस्कवर काढलेल्या बॅकअपमुळे. वीस दिवसांची बिलं छापील प्रतींवरून पुन्हा भरावी लागली. तेव्हापासून महिन्यातून एकदा मी बॅकअपची फाइल वेगळ्याच कॉम्प्युटरवर नेतो, नेटवर्क तोडून गेस्ट चालू करतो, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतो आणि शेवटच्या बिलाचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळतो का ते बघतो.